बर्फातलं मतदान

२१ डिसेंबर १९३८. तुमचे बूट घोट्यापर्यंत बर्फात रुतलेत. स्कॉटलंडमधल्या पर्थशायरच्या डोंगराळ भागात आज पोटनिवडणूक आहे आणि नेमके आजच रस्ते बर्फानं अडलेत. ज्यांच्याकडे मोटार आहे ते येतात. शेतमजुराला मैलोन् मैल पायपीट आहे.

त्या बघा, कॅथरीन, अ‍ॅथॉलच्या डचेस. वय ६४, चण लहान. ब्लेअर कॅसलच्या मालकीणबाई. १९२३ साली स्कॉटलंडमधून निवडून आलेल्या पहिल्या महिला खासदार, आणि तरीही एकेकाळी स्त्रियांच्या मताधिकाराच्या कट्टर विरोधक! भारताला थोडीफार स्वायत्तता देणारा १९३५चा कायदाही त्यांना नको होता. तुम्हाला राग येईल. येऊ द्या, तो रास्तच आहे.

पण हिटलरचं ‘माइन काम्फ’ त्यांनी मुळातून वाचलं आणि इंग्रजी आवृत्तीतून काय काय गाळलंय ते ओरडून सांगितलं. एप्रिल १९३७मध्ये, स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेलं असताना, त्या तोफांच्या माऱ्यातल्या माद्रिदमध्ये होत्या. पुढच्याच महिन्यात ‘हबाना’ जहाजातून त्या युद्धातून बाहेर काढलेली सुमारे ४,००० बास्क मुलं इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला उतरली. स्पेनच्या मदतकार्याच्या संयुक्त समितीच्या अध्यक्ष याच. तेव्हापासून लोक त्यांना ‘लाल डचेस’ म्हणू लागले. उमरावाच्या घरातली, हुजूर पक्षाची बाई, आणि लाल!

चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देणाऱ्या म्युनिक करारानंतर त्यांनी पंतप्रधान चेंबरलेनना साथ द्यायचं नाकारलं. मतदारसंघातल्या पक्षानं दुसरा उमेदवार शोधला. मग राजीनामा देऊन त्या अपक्ष उभ्या राहिल्या. कुणी भाग पाडलं नव्हतं. गप्प बसल्या असत्या, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत खासदारकी शाबूत होती. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं.

मतदान केंद्रात शिरा. मतपत्रिकेवर चिन्ह नाही, पक्षाचं नावही नाही. नुसते दोन उमेदवार: अ‍ॅथॉल आणि पक्षानं उभे केलेले शेतकरी स्नॅडन. दोरीला बांधलेली पेन्सिल गारठलेल्या बोटांत धड धरवत नाही. शेजारचा म्हातारा पुटपुटतो, ‘चेंबरलेननं लढाई टाळली की!’ त्याचा मुलगा विशीतला आहे. त्याला काय सांगणार तुम्ही?

मोजणी होते. स्नॅडन ११,८०८, डचेस १०,४९५. १,३१३ मतांनी हरल्या. पुन्हा कधीच पार्लमेंटात गेल्या नाहीत. तीन महिन्यांनी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या.