‘नाही’ आणि ‘नको’ : दर्यापूरच्या बेकरीतला एक प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याहून दर्यापूरला आली होती. बसस्थानकाजवळच्या बेकरीत आम्ही चहासाठी थांबलो. तिने दोन वर्षांपासून दूध, दही, तूप, मध हे सारे सोडले आहे. तिने बेकरीवाल्यांना विचारले, “काका, या खारीत दूध किंवा लोणी आहे का?” ते हसून म्हणाले, “दूध-लोनी कायचं ताई! डालड्याची हाय. लोन्याची खारी कुठी परवडते गिऱ्हाइकाले?” तिने समाधानाने खारी घेतली आणि सोबत कोरा चहा सांगितला. तिला हवा असलेला पर्याय या दुकानात मिळाला. पण तो कोणीही ‘पर्याय’ म्हणून ठेवलेला नव्हता. त्या दिवसापासून हा प्रसंग माझ्या मनात घोळतो आहे.

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून आपले वेगळेपण सांगण्यासाठी त्यांना नवे नाव हवे होते. मराठीला अशा नावाची गरज वाटली नाही. आपल्या ‘शाकाहारा’त दूध गृहीत आहे, एवढेच नव्हे, तर उपवासाच्या पदार्थांत ते पवित्रही आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाला आक्षेप घेत नाही. व्हीगन पदार्थांसाठी भारतात स्वतंत्र नियम झाले ते २०२२ साली. शब्द उशिरा आला, नियम त्याहून उशिरा आले. मग ती खारी अशी कशी झाली?

उत्तर स्निग्धाच्या इतिहासात आहे. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि तुपाला एक स्वस्त प्रतिरूप मिळाले. पुढे वनस्पती तुपासाठी सरकीचे तेलही वापरले जाऊ लागले, आणि सरकी म्हणजे आपल्या वऱ्हाडच्या कापसाचे बी. मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरची ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची गाडी ब्रिटिश कंपनीने टाकली ती मुख्यतः या कापसासाठीच. दर्यापूरला लागून असलेल्या बनोसा स्थानकावर ती थांबत असे. आज ती बंद आहे. कापूस परदेशी गेला, सरकी घाण्यात गेली, पेंड गुरांपुढे पडली. शेतकऱ्याचे मूल बेकरीत आले तेव्हा त्याच्या वाट्याला वनस्पती तुपातली खारी, टोस्ट आणि नानकटाई आली. तिच्यात दूध नव्हते, कारण दूध महाग होते.

घरचे ताटही फारसे वेगळे नव्हते. दर्यापूर तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीखालचे पाणी खारे, म्हणून ओलिताला मर्यादा. परंतु काळ्या मातीत मुरलेल्या ओलाव्यावर हरभरा उत्तम पिकतो. त्याच हरभऱ्याचे बेसन, त्या बेसनाचा झुणका, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा. वर तेलाची धार. या ताटात प्राणिज असे काहीही नाही. परंतु हे ताट कोणा व्रतस्थाने मांडलेले नाही. ज्यांच्या गोठ्यात गाय होती, अशाही पुष्कळ घरांत तूप विकायला जाई आणि मुलांना ताक मिळे. येथे ‘नाही’ होते, ‘नको’ नव्हते.

‘नको’ म्हणणारा एक माणूस मात्र याच मातीत जन्मला. गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालचा, शेंडगावचा. हे गाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. चरित्रकार सांगतात, की मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायला तरुण डेबूजीने नकार दिला आणि गोडाचे जेवण घातले. पुढे त्यांच्या कीर्तनांतून देवापुढच्या पशुबळीवर प्रहार होत राहिले. तरीही बाबांना आजच्या अर्थाने व्हीगन म्हणता येणार नाही. त्यांनी मूर्तिजापूरला गोरक्षण उभारले. दूध त्यांना वर्ज्य नव्हते. स्वतः मात्र ते मागून आणलेली भाकर खापरात घेऊन खात. त्यांच्या नकाराचा रोख मुक्या जिवावर सुरी चालवण्यावर आणि कर्ज काढून पंगती घालण्यावर होता. भुकेल्याला अन्न हा त्यांचा पहिला धर्म होता.

दुधालाच ‘नको’ म्हणण्याचे उदाहरण गांधीजींचे. कलकत्त्यात गाई-म्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रूर पद्धतीविषयी वाचून ते अस्वस्थ झाले होते. ब्रह्मचर्याचा विचारही त्यामागे होता. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर कॅलनबाख यांच्यासह त्यांनी दूध सोडले. १९१८ च्या मोठ्या दुखण्यानंतर कस्तुरबांच्या सुचवण्यावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि प्रतिज्ञेचा शब्द राखला तरी तिचा आत्मा दुखावला, ही खंत आत्मकथेत मोकळेपणाने नोंदवली. नकाराला किंमत असते आणि ती कधी कधी चुकवता येत नाही, हे त्यांनी लपवले नाही.

आता १९९५ कडे येऊ. युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. नकळत का होईना, संपूर्ण वनस्पतिजन्य जेवणाचा तो राज्यव्यापी प्रयोगच होता. सरकार बदलले, योजना बंद पडली, आणि कित्येक केंद्रांच्या जागी चहा, भजी, वडापाव आला. केंद्रे बुडाल्याचे ज्यांना दुःख झाले, त्यांपैकी कोणीही दुधाचा विचार करत नव्हते. प्रश्न एक रुपयाचा होता.

साहित्याच्या वर्गात आपण हे कसे शिकवणार? शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचताना विद्यार्थ्यांना कळते, की कोणी काय खाल्ले यामागे पुष्कळदा आवड नसते. जात, टंचाई आणि दुसऱ्यांनी नाकारलेले अन्न असते. म्हणूनच “आमचे पूर्वज मुळातच व्हीगन होते” असे अभिमानाने लिहिणाऱ्यांची मला धास्ती वाटते. त्या एका वाक्यात ताकावर वाढलेल्या मुलांची भूक पुसली जाते आणि गाडगेबाबांचा, गांधीजींचा जाणीवपूर्वक केलेला नकारही स्वस्त होतो. उलट बाजूने, “हे पुण्या-मुंबईचे चोचले” म्हणून माझ्या विद्यार्थिनीला हसणेही तितकेच चूक. तिच्या घरात तीन पिढ्यांनंतर प्रथमच रोज दूध परवडते आहे, आणि म्हणूनच ते सोडणे हा तिच्यापुरता खरा निर्णय आहे. तिच्या आजीला तो घेण्याची संधीच नव्हती.

निघताना तिने बेकरीवाल्यांना आपण दूध का सोडले ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “माही माय तं चहात दूध पडलं की सन समजे.” ती काही बोलली नाही. पैसे मीच दिले.