हिरव्या पाण्याची कैफियत

ज्याने हौसेने परसात तरणतलाव बांधून घेतला, निळ्या फरशीवर चार आठवडे पाणी स्फटिकासारखे खेळताना पाहिले, आणि मग आठवडाभर परगावी राहून परतल्यावर ज्याला तेच पाणी गावतळ्यासारखे हिरवेगार झालेले आढळले, त्या नवख्या धन्याच्या मनात पहिला विचार येतो तो सगळे पाणी सोडून देऊन तलाव नव्याने भरण्याचा. या विचारामागे मोठी परंपरा आहे. पोहण्याचे पाणी न बदलता, आहे तेच राखून पुन्हा निर्मळ करता येते, ही समजूत रुजून सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट निराळी. गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवावा किंवा निवळीचे बी उगाळून रांजणाच्या आतल्या अंगाला लावावे, म्हणजे गाळ तळाशी बसतो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. निवळीचे, म्हणजे संस्कृतातील कतकफलाचे, नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टान्त खुद्द मनुस्मृतीत आला आहे. मार्च १९२७ मध्ये महाडास डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर तेथील सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसले, त्यात दूध, दही, शेण व गोमूत्र मिसळून मंत्रघोषात ते परत ओतले आणि तळे शुद्ध झाले असे मानले, तेव्हा आपल्याच धर्मग्रंथातील हा समंजस दृष्टान्त त्यांना आठवला नसावा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडासच मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याला हिरवा रंग चढवणाऱ्या शेवाळाच्या बाजूने पाहता तळ्यात ओतलेले शेण हे खतच होय.

इंग्लंडात १८४६ च्या कायद्याने नगरपालिकांना सार्वजनिक स्नानगृहे व कपडे धुण्याची घरे बांधण्याची मुभा मिळाली आणि पुढे त्यांच्या जोडीने पोहण्याचे तलावही उभे राहिले. परंतु या तलावांत गाळणी नव्हती, औषध नव्हते, होती ती फक्त मोरी. आठवड्यातून एकदोनदा पाणी सोडायचे, तळ घासायचा आणि पुन्हा भरायचे, एवढाच बंदोबस्त. ताजे पाणी भरले त्या दिवशी प्रवेशाचा आकार जास्त, आणि मग पाणी जसजसे गढूळ होत जाई तसतसा तो उतरे. अशा रीतीने पैसेवाल्याने पोहून झालेल्या पाण्यात शेवटी गरिबाने उतरावे, अशी तजवीज कित्येक ठिकाणी होती. पाण्याचा रंग पाहून ग्राहकाची ऐपत सांगता यावी, असे हे दरपत्रक होते. या व्यवस्थेला कोणी अन्याय म्हटले नसते, कारण पाणी आणि ते तापवायचा कोळसा दोहोंना पैसे पडत.

हिरव्या रंगावर पहिला नेमका रासायनिक इलाज पुढे आला तो १९०४ साली, अमेरिकेच्या कृषिखात्यातील मूर व केलरमन यांनी जलाशयांतील शेवाळ मारण्यासाठी अत्यल्प प्रमाणात मोरचूद सुचविले तेव्हा. द्राक्षबागायतदाराला मोरचुदाचा पराक्रम नव्याने सांगायला नको. फिकट सोनेरी केसांना तलावात जी हिरवी झाक चढते, ती मोरचुदात असते त्या तांब्याची करणी असते. दोष मात्र बिचाऱ्या क्लोरीनच्या माथी मारला जातो. या वायूचे नाव इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने १८१० मध्ये ठेवले ते त्याच्या हिरवट पिवळ्या रंगावरून, ग्रीक शब्दाच्या आधाराने. म्हणजे जो हिरवेपणा घालवतो त्याच्या नावातच हिरवेपणा आहे.

२६ सप्टेंबर १९०८ रोजी जॉन लील या डॉक्टरने जर्सी सिटीला पुरविल्या जाणाऱ्या बून्टन जलाशयाच्या पाण्यात क्लोरीनयुक्त विरंजक चूर्ण, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, घालण्यास प्रारंभ केला, आणि तोही पाण्याच्या शुद्धतेविषयीचा दावा न्यायालयात चालू असताना, कोणाची मंजुरी न घेता! पुढे ही योजना न्यायालयात ग्राह्य ठरली. लगोलग १९१० च्या सुमारास ब्राउन विद्यापीठाच्या तरणतलावात तेच चूर्ण पडले, आणि पाणी फेकून देण्याऐवजी राखण्याचा अंमल सुरू झाला.

आमचा नवखा धनी या अंमलातली रयत आहे. त्याने प्रथम पाण्याचा सामू (पीएच) पाहावा, कारण सामू साडेसात असता क्लोरीनचा निम्माच भाग खरा मारक असतो आणि सामू आठवर गेला की तो चौथाईवर येतो. मग भिंती घासून, क्लोरीनची भरपूर मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी, म्हणजे उन्हाने ती वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी पाणी निळे न होता दुधाळ राखी झाले तर घाबरू नये: ते मेलेले शेवाळ होय, आणि ते काढणे हे गाळणयंत्राचे काम आहे. यंत्र अहोरात्र चालवावे, ते तुंबले की उलट्या प्रवाहाने धुवावे. बहुतेकांचा धीर सुटतो तो इथेच.

धीर सुटण्यात लाज नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सूर मारण्याचा तलाव पाहता पाहता हिरवा झाला आणि शेजारचा वॉटर पोलोचा तलावही त्याच वाटेने गेला. ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात ओतले गेल्याने क्लोरीनचा प्रभाव नाहीसा झाला होता. या दुसऱ्या तलावात व्हायच्या लयबद्ध जलतरणाच्या स्पर्धेला तर पाण्याखालचे स्वच्छ दिसणे आवश्यक. तेव्हा अखेर त्या तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी मोरीवाटे सोडून देण्यात आले, आणि सरावाच्या तलावातले स्वच्छ पाणी आणून तो पुन्हा भरण्यात आला.