जपानमध्ये रांगा, अमेरिकेत फुकट वाटप

'सुपर मारिओ ब्रदर्स'ने जपानपाठोपाठ अमेरिकेतील मुलांनाही वेड लावले, तेव्हा जपानी व्हिडिओ गेमला देशाच्या सीमा नसतात, असा समज रूढ झाला. या समजाला मोठा धक्का दिला तो 'ड्रॅगन क्वेस्ट'ने. ज्या मालिकेसाठी जपानमध्ये दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या, तिचा पहिला खेळ अमेरिकेत एका मासिकाच्या वर्गणीदारांना फुकट द्यावा लागला.

'एनिक्स' कंपनीचा हा खेळ २७ मे १९८६ रोजी निन्टेंडोच्या 'फॅमिकॉम' या संचासाठी बाजारात आला. रचना युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची, तर संगीत कोइची सुगियामा यांचे. राजकन्येची सुटका करायची आणि दुष्ट ड्रॅगनलॉर्डला हरवायचे, एवढेच कथानक. मात्र येथे बोटांच्या चपळाईला महत्त्व नव्हते. गावोगाव फिरावे, भेटेल त्याच्याशी बोलावे, राक्षसांशी आळीपाळीने वार करीत लढावे, मिळालेल्या सोन्यातून तलवार-ढाल घ्यावी आणि हळूहळू बलवान व्हावे, अशी ही रचना होती. 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात तो हाच प्रकार.

गंमत अशी, की या खेळाचे मूळ अमेरिकेतच होते. 'अल्टिमा' आणि 'विझर्डरी' या अमेरिकी संगणक-खेळांनी होरी प्रभावित झाले होते. त्यांतील किचकट नियम सोपे करून त्यांनी ते शाळकरी मुलांच्या आवाक्यात आणले. मग हे रोप आपल्याच मातीत परतल्यावर का रुजले नाही?

तीन वर्षांचा उशीर

पहिले कारण वेळेचे. अमेरिकेत हा खेळ ऑगस्ट १९८९ मध्ये पोहोचला. तोवर जपानमध्ये मालिकेचा तिसरा भागही (फेब्रुवारी १९८८) येऊन गाजला होता. अमेरिकी आवृत्तीत चित्रे थोडी सुधारण्यात आली. जपानी खेळाडूंना खेळ पुढे चालू ठेवण्यासाठी लांबलचक सांकेतिक मंत्र लिहून ठेवावा लागे. त्याऐवजी कार्ट्रिजमध्ये बॅटरी बसवून प्रगती साठविण्याची सोय केली गेली. तरीही खेळाचे रूप १९८६ चेच राहिले. त्याच ऑगस्टमध्ये सेगाचा अधिक ताकदीचा 'जेनेसिस' हा १६ बिटांचा संच अमेरिकेत विक्रीस आला होता.

दुसरे कारण ओळखीचे. जपानी मुलांना तोरियामा यांची रेषा परिचित होती. त्यांची 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा १९८४ पासून 'शोनेन जंप' या लोकप्रिय साप्ताहिकात येत होती आणि होरी हेही त्याच साप्ताहिकात लिहीत. खेळ हाती येण्यापूर्वीच त्याचे जग वाचकांच्या घरात शिरले होते. अमेरिकेत तोरियामांना ओळखणारे फारसे कोणी नव्हते. तेथील वेष्टनावर त्यांच्या चित्रांऐवजी पाश्चात्त्य धाटणीचे चित्र आले. 'ड्रॅगनक्वेस्ट' नावाचा एक खेळ तेथे आधीच असल्याने नावही बदलून 'ड्रॅगन वॉरियर' करावे लागले. संवादांना तर शेक्सपिअरकालीन इंग्रजीचा साज चढविण्यात आला.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेत अशा खेळांचे शौकीन होते. पण ते संगणकावर खेळत आणि त्यांची 'अल्टिमा' मालिका एव्हाना बरीच पुढे गेली होती. त्यांना 'ड्रॅगन वॉरियर' बाळबोध वाटला. टीव्हीपुढे धावण्या-उडी मारण्याची सवय असलेल्या मुलांना तो संथ वाटला. जपानमध्ये ज्या सोपेपणाने नवा वर्ग घडविला, त्याच सोपेपणाने अमेरिकेत खेळाला धड इकडचेही ठेवले नाही आणि तिकडचेही. अखेर निन्टेंडोने 'निन्टेंडो पॉवर' मासिकाच्या वर्गणीसोबत त्याच्या प्रती मोफत दिल्या.

चुकीचा निष्कर्ष

खरे नुकसान त्यानंतर झाले. अमेरिकी खेळाडूंना असे खेळ झेपत नाहीत, असा निष्कर्ष जपानी कंपन्यांनी काढला. 'स्क्वेअर' कंपनीने 'फायनल फँटसी'चा चौथा भाग १९९१ मध्ये सोपा करून आणि 'दुसरा' असा क्रमांक देऊन तेथे पाठविला. 'ड्रॅगन क्वेस्ट'चे १९९२ आणि १९९५ मधील पाचवा व सहावा हे भाग तर त्या काळात अमेरिकेत आलेच नाहीत. ते अनुक्रमे २००९ आणि २०११ मध्ये पोहोचले. बालपणी पहिला भाग खेळलेली मुले तोवर प्रौढ झाली होती.

शिगेसातो इतोइ यांच्या 'मदर २'चे नशीबही असेच. एका काल्पनिक अमेरिकेत बेसबॉलची बॅट घेऊन हिंडणाऱ्या मुलाची ही मिस्कील कथा 'अर्थबाउंड' नावाने १९९५ मध्ये अमेरिकेत आली. 'हा खेळ दुर्गंधी सोडतो' अशा आशयाची आणि खरोखर वास सोडणारी जाहिरात तिच्यासाठी करण्यात आली. खेळ पडला. पुढे मात्र त्याचे निष्ठावंत चाहते निर्माण झाले आणि टोबी फॉक्स या अमेरिकी रचनाकाराच्या 'अंडरटेल' (२०१५) या गाजलेल्या खेळामागे त्याचीच प्रेरणा होती.

दोष खेळांच्या प्रकारात नव्हता, हे १९९७ मध्येच स्पष्ट झाले होते. त्या वर्षी 'फायनल फँटसी'चा सातवा भाग देखणे रूप आणि सोनीची प्रचंड प्रसिद्धी घेऊन अमेरिकेत आला आणि आळीपाळीच्या लढाया तेथेही आवडीने खेळल्या गेल्या. 'ड्रॅगन क्वेस्ट'ला आपले मूळ नाव अमेरिकेत मिळाले ते २००५ मध्ये, आठव्या भागाच्या वेळी.

टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात, २३ जुलै २०२१ रोजी, खेळाडूंच्या संचलनाला सुरुवात झाली ती सुगियामांच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मधील सुरावटीने. जपानी प्रेक्षकांना ती सांगावी लागली नाही. तीन वर्षे उशिरा, परक्या नावाने आणि परक्या चेहऱ्याने पाठविलेल्या खेळाला अशी ओळख अमेरिकेत मिळणे अवघडच होते.