औंधच्या राजाची कवायत

शिस्तीचा उपदेश ऐकायला पुणेकराला लांब जावे लागत नाही. एका अंगाला कॅम्प, दुसऱ्या अंगाला खडकी, तिकडे खडकवासल्याला १९५५ सालापासून प्रबोधिनी. शिवाय प्रत्येक आळीत एखादे निवृत्त सुभेदार असतातच. आमच्या आळीतल्या सुभेदारांनी मला एकदा बजावले, “मास्तर, कादंबरी रखडली ती प्रतिभेवाचून नव्हे, पलटणीची शिस्त लावा!” मी लावली. पहाटे साडेचारला लेखन, सहाला व्यायाम, असे वेळापत्रक भिंतीवर चिकटवले. बाराव्या दिवशी वेळापत्रक भिंतीवर होते आणि मी अंथरुणात. पलटणीत बिगूल दुसरा कोणी वाजवतो हो! घरी बिगूलही आपणच वाजवायचा आणि तो ऐकून उठायचेही आपणच.

म्हणूनच मला औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे नवल वाटते. भवानराव हे त्यांचे नाव, जन्म १८६८ चा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. राजघराण्यातला माणूस, त्याला ‘ऊठ’ म्हणण्याची छाती कोणाची? औंध संस्थान चिमुकले, बहात्तर गावांचे आणि तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले. तरी राजा तो राजाच. पहाटे गादीवर लोळत पडला असता तर त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते.

१८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोचा व्यायाम धरला. सँडो हा प्रशियात जन्मलेला मल्ल. त्याची पुस्तके, डंबेल्स आणि इतर साधने तेव्हा जगभर विकली जात. बाळासाहेबांनी ती मागवली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने मेहनत केली. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्याला ना डंबेल लागत, ना तालीम. अंथरुणाएवढी जागा पुरे. विशेष म्हणजे ही काही नवी विद्या नव्हती. नमस्कार घरोघर घातले जात होते, पण धर्मकृत्य म्हणून. बाळासाहेबांनी त्यांना कवायतीसारखे बांधून घेतले. दहा अवस्था ठरवल्या, प्रत्येक अवस्थेचा श्वास ठरवला, वयाप्रमाणे संख्या ठरवली आणि पुस्तक लिहिले. प्रौढांसाठी आकडा होता रोज तीनशेचा! १९३८ मध्ये लंडनमध्येही या पद्धतीवर इंग्रजी पुस्तक निघाले.

व्यायामाने शरीर कमावणारे पुष्कळ असतात. या माणसाने त्या शरीराकडून कामही करून घेतले. १९०९ मध्ये गादीवर आल्यावर कारभार पाहता पाहता त्यांनी रामायण चित्रांत उतरवले, अजिंठा-वेरूळवर ग्रंथ लिहिले, कीर्तने केली, औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभारले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिले ते यांनीच. १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत त्यांनी महाभारताच्या आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचे वचन दिले. तेव्हाचे लाख, लक्षात घ्या! आवृत्ती सचित्र हवी असा त्यांचा आग्रह होता, आणि चित्रांची जबाबदारीही त्यांनी स्वतःच घेतली.

येथवर सारे ठीक. आता शिक्षक म्हणून मला खुपणारी गोष्ट सांगतो. राजेसाहेबांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुले, मुली, मास्तर, सारे ओळीत! हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. मुलांच्या प्रकृतीला त्याचा लाभही झाला असेल. पण राजाचे तीनशे ही शिस्त आणि पोरांचे पन्नास हा हुकूम, हा फरक उरतोच. मी स्वतः शिट्टी तोंडात धरून वर्षानुवर्षे मैदानावर उभा राहिलो आहे. माझी पाठ वळताच शेवटच्या रांगेचे काय होते ते मला ठाऊक आहे.

पुढे जे झाले त्यामुळे मात्र मला या राजाविषयी अधिकच आदर वाटतो. १९३८ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली घटना १९३९ च्या जानेवारीत लागू केली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी तेथे भिंतीवाचून, बेड्यांवाचून शेती करू लागले. या कल्पनेमागे मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर होता. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ यावरच बेतला. कथा औंधच्या शाळेत शिकलेल्या गदिमांची. शाळेतल्या पोरांना हुकूम करणाऱ्या राजाच्याच मुलखात खुनी माणसांना ‘तुम्हीच आपले पहारेकरी व्हा’ असे सांगितले गेले! आयुष्यभर स्वतःचा पहारा स्वतः केलेल्या माणसालाच असा विश्वास टाकणे जमले असावे, असे मला आपले वाटते. इतिहासकार काय म्हणतील ते म्हणोत.

१९४८ मध्ये औंध विलीन झाले, १९५१ मध्ये बाळासाहेब गेले. भांडारकर संस्थेचे महाभारत पुरे झाले ते १९६६ मध्ये.

कादंबरी अजून चालू आहे. वेळापत्रक मी भिंतीवरून काढून टाकले. सकाळी बारा नमस्कार घालतो आणि मग दोन पाने लिहितो. सुभेदार हसतात. ‘तीनशे केव्हा?’ म्हणून विचारतात. मी त्यांना सांगतो, उद्या तेरा घालून पाहीन.