नेरे परिसरातल्या काळ्या कातळात जीवाश्म का सापडत नाहीत?

पनवेलहून माथेरानच्या डोंगररांगेकडे जाताना नेरे गाव लागतं. इथून दिसणाऱ्या प्रबळगडाकडे पावसाळा संपल्यावर नीट पाहिलं, तर डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेल्यासारखा वाटतो. या पायऱ्या म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो एकावर एक पसरत गेला. दख्खनच्या या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

हा काळ डायनोसॉरच्या अखेरच्या दिवसांचा. तरीही या कातळात त्यांची हाडं शोधायला गेलात, तर हाती बहुधा काहीच लागणार नाही. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात मात्र ती सापडली आहेत. राज्य एकच, मग असं का? उत्तर जीवाश्म कसा तयार होतो यात आहे.

जीवाश्म तयार कसा होतो?

प्राणी मेला की एरवी तो कुजतो, कोल्ही-गिधाडं खातात, हाडं ऊन-पावसाने झिजतात. जीवाश्म होण्यासाठी हे सगळं थांबावं लागतं. म्हणजे शरीर लवकर गाळाखाली गाडलं जायला हवं. त्यासाठी नदीचा पूर, तळ्याचा तळ किंवा दलदल ही सोयीची ठिकाणं.

गाळाखाली हवा कमी पोहोचते आणि कुजणं मंदावतं. वरून गाळाचे थर साचत राहतात, त्यांच्या वजनाने खालचा गाळ दाबला जाऊन खडक बनतो. दरम्यान जमिनीत झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका किंवा चुना यांसारखी खनिजं हाडांच्या, लाकडाच्या बारीक छिद्रांत भरत जातात. लाखो वर्षांनी आकार हाडाचा राहतो, पण हाताला लागतो तो दगड.

ठसेही जीवाश्मच. चिखलातलं पाऊल, पानाची छाप, अंडी, इतकंच काय विष्ठाही दगड होऊन टिकते.

मग लाव्हात काय होतं?

बेसाल्टचा लाव्हा बाहेर पडतो तेव्हा तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्यात सापडलेला जीव जळून जातो. क्वचित झाडाभोवती लाव्हा थिजून पोकळ साचा उरतो, एवढंच.

पण ज्वालामुखी सलग धगधगत नव्हता. दोन उद्रेकांच्या मध्ये मोठी विश्रांती असायची. त्या काळात माती तयार व्हायची, तळी साचायची, बेडूक-कासवं नांदायची. पुढचा लाव्हा आला की ते सगळं त्याखाली झाकलं जायचं. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे काळ्या थरांमध्ये लालसर मातकट पट्टा दिसतो. तो अशाच एका विश्रांतीची खूण.

मुंबईत वरळीला दोन लाव्हांमधल्या अशाच गाळाच्या थरात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. ‘डायनोसॉर’ हा शब्द देणारे शास्त्रज्ञ हेच. हा बेडूक आज ‘इंडोबॅट्राकस’ नावाने ओळखला जातो.

शिवाय काळा कातळ जीवाश्म देत नसला तरी तारीख देतो. लाव्हातल्या किरणोत्सारी घटकांवरून त्याचं वय काढता येतं. वरच्या आणि खालच्या लाव्हाचं वय कळलं की मधल्या गाळातले जीव कोणत्या काळातले तेही कळतं.

विदर्भाने काय सांगितलं?

सह्याद्रीत लाव्हाची जाडी दीड किलोमीटरहून जास्त भरते. त्याखाली जुना गाळाचा खडक असलाच तर तो खोल गाडलेला आहे. पूर्व विदर्भात मात्र हे आवरण पातळ होत संपतं आणि जुने थर उघडे पडतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं ‘इसिसॉरस’.

याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याने तर पाठ्यपुस्तकातली समजूतच बदलली. तिथल्या दगड झालेल्या विष्ठेत वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. हे संशोधन २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलं. गवताचे प्रकार डायनोसॉर संपल्यावर फोफावले, असं तोवर मानलं जायचं. ते त्यांच्या हयातीतच वाढत होते आणि खाल्लेही जात होते, हे या विष्ठेतून कळलं.

नागपूरजवळ कामठी भागातल्या वालुकाश्मात ‘ग्लॉसोप्टेरिस’ या त्याहून कितीतरी जुन्या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीजवळ सुमारे १६ किलो दगड होते. त्यातही याच वनस्पतीचे ठसे निघाले. नागपूर आणि अंटार्क्टिका एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, याचा हा एक पुरावा.

फोटो व्हायरल करण्याआधी

‘दगडात झाड सापडलं’ अशा पोस्ट अधूनमधून फिरतात. नेच्यासारखी दिसणारी काळी नक्षी अनेकदा मँगनीजच्या खनिजाने उमटवलेली असते. कातळातले पांढरे स्फटिक म्हणजे झिओलाइटसारखी खनिजं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे उभे खांब झाडांचे बुंधे नाहीत. लाव्हा थंड होताना आकसून तडकला की असे खांब बनतात.

पण गाळाच्या थरात खरंच हाड, शिंपला किंवा पानाचा ठसा दिसला तर? तो उचकटू नका. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, जागेची अचूक नोंद ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवा. जीवाश्म कोणत्या थरात होता यावरच त्याचा काळ ठरतो. घरी आणून शोकेसमध्ये ठेवला की ती माहिती जाते. वरळीत तर जिथे बेडूक सापडले, तिथे आज इमारती उभ्या आहेत.