खिडक्यांचे फड

आमच्या खान्देशात दोन शेजाऱ्यांचं हाडवैर कशावरून सुरू झालं असं विचारलं, तर निम्म्या वेळा उत्तर येतं, ‘खिडकीवरून.’ ह्याची खिडकी त्याच्या अंगणात उघडते, त्याच्या चुलीचा धूर ह्याच्या खिडकीतून आत येतो, आणि मग वकिलांच्या दोन पिढ्यांची सोय होते. कॉम्प्युटरच्या खिडक्यांचंही तेच झालं. ‘आमच्यासारख्या खिडक्या तुम्ही काढल्या’ म्हणून 1988 मध्ये ॲपलने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि 1994 मध्ये अपिलातही ती हरली. गंमत अशी, की मूळ कल्पना ह्या दोघांचीही नव्हे. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात 1973 साली ‘आल्टो’ नावाचं यंत्र तयार झालं होतं, आणि दिवाणजींच्या मेजावर कागदांवर कागद पडावेत तशा खिडक्या पुढे त्याच्या पडद्यावर दिसू लागल्या होत्या.

1985 च्या पहिल्या ‘विंडोज’मध्ये मात्र खिडकीवर खिडकी चढत नसे. पडद्याचे सरळ वाटे पडत, जो तो आपल्या वाट्यात. हे वाचलं आणि मला आपले पांझरेकाठचे फड आठवले. फड म्हणजे तमाशाचा नव्हे हो! धुळे जिल्ह्यात नदीला बंधारा घालून पाट काढायचे, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी द्यायचं. काही शे वर्षं हा कारभार गावकऱ्यांनी आपला आपण चालवला. सरकारला विचारायला कोणी गेलं नाही.

1987 च्या ‘विंडोज’ने फड मोडले आणि खिडक्या एकमेकींच्या डोक्यावर बसायला मोकळ्या झाल्या. लोकांना ते आवडलं. पसाऱ्याला स्वातंत्र्य म्हणायची आपल्याला सवयच आहे.

तिकडे एमआयटी ह्या विद्यापीठात 1984 मध्ये ‘एक्स विंडो’ निघाली होती. तिच्या कर्त्यांनी फार शहाणपणा केला. खिडक्या काढून देण्याचं काम तिने आपल्याकडे ठेवलं. त्या कुठे आणि कशा मांडायच्या हे वेगळ्या प्रोग्रॅमवर सोपवलं. हा प्रोग्रॅम कोणीही लिहावा. मग काय, लिहिणारे उठलेच! 1987 चा ‘टीडब्ल्यूएम’, 1993 चा ‘एफव्हीडब्ल्यूएम’, आणि पुढे किती तरी. सगळे फुकट. मेथीच्या जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवाव्यात तसे.

फुकट म्हटलं की आमच्या जळगावचा माणूस आधी वस्तू उलटी करून पाहतो. पण ह्यात खोट नव्हती. विंडोज 95 आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच काही कारागिरांनी ‘पॉवरटॉइज’ नावाची खेळणी फुकट वाटली. त्यांतल्या एकामुळे उंदीर ज्या खिडकीवर नेऊ ती खिडकी क्लिक न करता जागी होई. पुढे एक्सपीच्या काळातल्या खेळण्यांत एका पडद्याचे चार पडदे करायची सोय होती. ही सोय मालकांनी स्वतः घरात घेतली ती विंडोज 10 मध्ये, म्हणजे 2015 साली! विनामूल्य कामाला मान मिळायला आपल्याकडेच वेळ लागतो असं नाही.

माझा ह्या इतिहासाशी संबंध आला तो एका मोडी कागदामुळे. माझी बहीण धुळ्याकडे दिलेली. तिच्या सासरच्या पेटीत फडाच्या पाण्याच्या पाळ्या लिहिलेला कागद निघाला. मोडी वाचणारा दोन्ही घरांत मी एकटाच उरलोय, तेव्हा भाच्याने फोटो माझ्याकडे पाठवला. एका खिडकीत फोटो उघडायचा, दुसरीत देवनागरीत टाइप करायचं. टाइप करायला बोट उचललं की पणजोबा मागे! पुन्हा पुढे आणावेत, तर ओळ हरवलेली.

दिवाळीत भाचा आला. घटकाभर पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, हाई काय करी राहिनात तुम्ही?” मग त्याने 2019 पासून नव्याने निघालेलं ‘पॉवरटॉइज’ बसवून दिलं. तेही फुकटच, आणि आता तर त्याची आतली लिखावटसुद्धा सर्वांना खुली. त्यातल्या ‘फॅन्सीझोन्स’ने पडद्याचे आपल्याला हवे तसे वाटे पाडता येतात, शिफ्ट दाबून खिडकी ओढली की ती आपल्या वाट्यात जाऊन बसते. शिवाय विंडोज, कंट्रोल आणि टी ही तीन बटणं एकदम दाबली, की निवडलेली खिडकी सगळ्यांच्या वर राहते.

मी डावीकडे मोठा फड कागदाला दिला, उजवीकडचा लहान टाइपिंगला. अकरा ओळी उतरल्या आहेत. बाराव्या ओळीत रात्रीची पाळी कोणाची, रामाची की नामाची, ते अजून लागत नाही. कागद तिथेच घडीवर फाटलाय. भाच्याचा रोज फोन येतो, कारण रामा त्यांचा पणजोबा आणि नामा शेजाऱ्यांचा.