मागील धडकेतील मानेच्या हालचालीचे संगणकीय प्रतिमान

मागील धडकेतील मानेच्या हालचालीचे संगणकीय प्रतिमान म्हणजे उभ्या किंवा संथ वाहनावर मागून दुसरे वाहन आदळले असता आतील व्यक्तीचे डोके व मान कशी हलते, याची संगणकावर केलेली गणिती मांडणी होय. अशा धडकेत मानेला बसणाऱ्या हिसक्यास व्हिपलॅश, म्हणजे चाबकाचा फटकारा, असे म्हणतात. ही दुखापत कमी वेगाच्या धडकेतही होते. क्ष-किरण चित्रात बहुधा काहीच आढळत नाही. वेदना मात्र काही रुग्णांत वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे इजा नेमकी कोठे व कोणत्या क्षणी होते, हे शोधण्यासाठी प्रतिमानांचा आधार घेतला जातो.

हालचालीचा क्रम

धडक बसताच आसनाची पाठ धडाला पुढे ढकलते, तर सुमारे साडेचार किलोग्रॅम वजनाचे डोके जडत्वामुळे मागे राहते. मान मागे अतिरिक्त वाकल्यानेच इजा होते, असा पूर्वी समज होता. येल विद्यापीठातील संशोधकांनी मृतदेहांच्या मानेवर केलेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वेगळे चित्र दिसले. धडकेनंतर ५० ते ७५ मिलिसेकंदांच्या सुमारास मानेला 'एस' या रोमन अक्षरासारखा बाक येतो: खालचे मणके मागे झुकतात आणि त्याच वेळी वरचे पुढे. खालच्या सांध्यांवर तेव्हा नैसर्गिक मर्यादेपलीकडे ताण येतो, आणि तोवर स्नायू पुरेसे आवळलेलेही नसतात. हेडरेस्टची उंची जितकी महत्त्वाची, तितकेच त्याचे डोक्यापासूनचे अंतरही महत्त्वाचे ठरते, ते यामुळेच.

प्रतिमानांचे प्रकार

बहुपिंड प्रतिमानात डोके व मानेचे सात मणके हे न वाकणारे पिंड मानून ते स्प्रिंग व अवमंदकांनी जोडतात. नेदरलँड्समध्ये विकसित झालेली मॅडिमो ही प्रणाली या प्रकारची असून तिची गणना जलद होते. परिमित घटक पद्धतीत हाडे, चकत्या, अस्थिबंध व स्नायू यांचे असंख्य सूक्ष्म तुकडे पाडून प्रत्येकातील ताण काढला जातो. टोयोटाचे थम्स हे प्रतिमान या पद्धतीचे आहे. २०२१ पासून ते विनामूल्य उपलब्ध आहे.

पडताळणी

प्रतिमानाचे निष्कर्ष प्रत्यक्ष प्रयोगांशी ताडून पाहावे लागतात, आणि खरी अडचण येथेच आहे. जिवंत स्वयंसेवकांवरील चाचण्या सौम्यच ठेवाव्या लागतात. मृतदेहावर तीव्र धडक देता येते, पण त्याचे स्नायू प्रतिसाद देत नाहीत. जिवंत मानेला इजा होते त्या पातळीवरील मोजमापे त्यामुळे जवळजवळ नसतातच. स्नायू केव्हा व किती आवळतात, याविषयीची गृहीतके बदलली की उत्तरही बदलते.

स्त्रियांचे प्रतिनिधित्व

व्हिपलॅशचा धोका स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक असल्याचे विमा व अपघातांच्या नोंदींतून अनेक दशके दिसत आले आहे. तरीही मागील धडकेसाठी वापरला जाणारा बायोरिड हा चाचणी-पुतळा सरासरी पुरुषाच्या देहावर बेतलेला आहे. स्त्रीची मान ही पुरुषाच्या मानेची केवळ लहान आवृत्ती नसते; तिच्या मणक्यांची रुंदी व स्नायूंचे बळ यांचे प्रमाणच वेगळे असते. म्हणून पुरुषाचे प्रतिमान आक्रसून वापरणे पुरेसे ठरत नाही. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठात सरासरी स्त्रीच्या देहावर आधारित व्हिव्हा हे परिमित घटक प्रतिमान तयार करण्यात आले व ते सर्वांसाठी खुले ठेवण्यात आले. सरासरी स्त्रीच्या मापाचा, मागील धडकेसाठीचा प्रत्यक्ष चाचणी-पुतळा स्वीडनमध्येच अॅस्ट्रिड लिंडर यांच्या नेतृत्वाखाली घडवला गेला. तो २०२२ मध्ये जगासमोर आला.